फळ, पीठ आणि आच : भोर-वेल्हे परिसरातील भाजण्याच्या पद्धती आणि घरगुती ॲपल पाय

प्रस्तावना

खाद्यसंस्कृतीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा पदार्थांच्या नावांकडे जाते. एखादा पदार्थ कोठून आला, कोणी आणला, कोणत्या ग्रंथात त्याचा प्रथम उल्लेख आढळतो, एवढ्यावरच चर्चा थांबते. तो पदार्थ ज्या चुलीवर, ज्या भांड्यात व ज्या इंधनावर शिजतो, त्यांचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. ॲपल पाय हा युरोप-अमेरिकेत घरोघरी होणारा पदार्थ या दृष्टीने उद्बोधक ठरतो. मैद्याच्या दोन पाऱ्यांमध्ये सफरचंदाच्या फोडी, साखर व दालचिनी घालून तो ओव्हनमध्ये भाजतात. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस असलेल्या भोर आणि वेल्हे या डोंगरी तालुक्यांच्या स्वयंपाकघरात हा पदार्थ अगदी अलीकडचा आहे. (२०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. प्रस्तुत लेखात पूर्वापार रूढ असलेले नाव वापरले आहे.)

या संदर्भात दोन मते वारंवार ऐकू येतात. ओव्हनमध्ये भाजणे ही संपूर्णपणे परकीय कला असून आपल्या घरांना ती ठाऊकच नव्हती, हे पहिले मत. करंजी म्हणजेच आपला पाय असून पाश्चात्त्यांकडे नवे असे काहीच नाही, हे दुसरे. ही दोन्ही मते तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पायासाठी लागणारी बहुतेक कौशल्ये या परिसरातील स्त्रियांच्या हाती होती. परंतु धान्य, इंधन आणि आचार यांमुळे ती वेगवेगळ्या पदार्थांत विभागली गेली होती, असे विवेचनाअंती दिसून येते.

पायाचे पूर्वरूप

सफरचंदाचे मूळ मध्य आशियात, आजच्या कझाकस्तानातील तिएन शान पर्वतराजीत आहे. तेथून ते व्यापारी मार्गांनी पश्चिमेस गेले. इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकाच्या अखेरीस संकलित झालेल्या ‘फोर्म ऑफ क्युरी’ या पाकग्रंथात सफरचंदाच्या टार्टची कृती आढळते. तीत सफरचंदाबरोबर नासपती, अंजीर, मनुका व केशर आहे. साखरेचा उल्लेख नाही. त्या काळी बाहेरचे कवच हे मुख्यतः आतील जिन्नस धरून ठेवणारे भांडे होते. ते जाड व कठीण असे आणि खाल्लेच जाई असे नाही. पुढे साखर स्वस्त झाली, पारीत लोणी किंवा चरबी अधिक प्रमाणात घालण्याची रीत रूढ झाली आणि कवच खाण्याजोगे खुसखुशीत झाले. अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अमेरिकन कुकरी’ या पुस्तकात ॲपल पायाच्या कृती आहेत.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. युरोपातही प्रत्येक घरी भट्टी नव्हती. अनेक कुटुंबे घरी तयार केलेला पाय गल्लीतील पाववाल्याच्या भट्टीत भाजून आणीत. म्हणजे ‘घरगुती’ या शब्दाचा अर्थ तेथेही पुष्कळदा पीठ घरचे आणि आच बाहेरची, असाच होता.

भोर-वेल्ह्याची भूमी आणि धान्य

भोर हे पंत सचिवांचे संस्थान. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांच्याकडे सचिवपद आले आणि त्यांच्या वंशाकडे हा प्रदेश राहिला. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे संस्थानाचे पाच तालुके होते. क्षेत्रफळ सुमारे ९२५ चौरस मैल आणि १९०१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १,३७,२६८ होती. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पाच तालुक्यांपैकी चार घाटमाथ्याच्या बाजूला, तर पालीचा सुधागड तालुका घाटाखाली कोकणात होता. त्यामुळे मावळ आणि कोकण हे दोन्ही आहारप्रदेश एकाच राज्यात नांदत होते. वरंध घाटाने भोरचा महाडशी संबंध होताच.

हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे या नद्यांच्या खोऱ्यांत मुख्य पीक भाताचे. उतारावर नाचणी आणि वरी. मुसळधार पाऊस व तांबडी निचऱ्याची जमीन यांमुळे गहू हे येथील नित्याचे धान्य कधीच नव्हते. तो पूर्वेकडील देश भागातून विकत येई आणि सणावारी, पाहुण्यांसाठी वापरला जाई. रोजचे जेवण म्हणजे भात आणि नाचणीची भाकरी.

धान्याचा हा भेद स्वयंपाकाच्या तंत्रावर थेट परिणाम करतो. गव्हात ग्लुटेन असल्याने त्याची कणीक ताणली जाते, पातळ लाटता येते आणि तिची कड मुडपून बंद करता येते. तांदूळ व नाचणी यांत हा गुण नाही. तांदळाच्या पिठाची पारी करायची तर आधी उकड काढावी लागते. उकडीत पाणी पुष्कळ असल्याने ती पारी वाफेवरच चांगली शिजते. मोदक उकडले जातात ते याच कारणाने. भाताच्या प्रदेशात गोड सारणाचे पदार्थ वाफेकडे वळले, ही केवळ आवडीनिवडीची बाब नाही. पिठाच्या गुणधर्माचा तो परिणाम आहे.

निखाऱ्यांची आच

इंग्रजीतील ‘बेक’ या क्रियापदाला मराठीत एकच नेमका प्रतिशब्द नाही. भाजणे आणि शेकणे हे शब्द त्याच्या जवळ जातात, पण दोन्ही त्याहून व्यापक आहेत. मात्र शब्द नाही म्हणून क्रिया नव्हती, असे अनुमान काढता येत नाही. भाकरी तव्यावर एका अंगाने भाजून नंतर चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी करून फुगवणे ही रोजचीच क्रिया होती. पानांच्या दोन थरांमध्ये पीठ थापून भाजलेली पानगी ही दुसरी पायरी. तांदळाच्या पिठात गूळ आणि पिकलेले केळे किंवा किसलेली काकडी घालून केलेली पानगी म्हणजे फळ, पीठ आणि कोरडी आच यांचा साधा संयोग होय. पान जळते, परंतु आतील पीठ जळत नाही व ओलावा टिकतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे धोंडस. हा मूळचा घाटाखालचा पदार्थ. जून झालेले पिवळे तवसे किसून, त्याच्या पाण्यातच भाजलेला तांदळाचा रवा, गूळ व खोबरे शिजवितात. मग ते मिश्रण जाड बुडाच्या पातेल्यात घालून खाली मंद आच ठेवतात आणि वरच्या झाकणावर निखारे पसरतात. दोन्ही बाजूंनी उष्णता मिळाल्याने वरचा पापुद्रा तांबूस होतो आणि आतील भाग ओलसर, मऊ राहतो. बंद भांडे, खालून व वरून नियंत्रित उष्णता आणि मंद गतीने होणारे भाजणे ही ओव्हनची तिन्ही लक्षणे येथे उपस्थित आहेत. यास तापमापक नव्हता. झाकणावर निखारे किती, त्यांवर राख कितपत चढू द्यायची आणि ते केव्हा झटकायचे, हे अनुभवाने ठरे.

म्हणून ओव्हनसारखी आच देशी घरांना अज्ञात होती, हे पहिले मत टिकत नाही. अर्थात ही आच मिळविण्यासाठी कठीण लाकडाचे निखारे लागत. काटक्या किंवा पालापाचोळा यांचे निखारे टिकत नाहीत. डोंगरातून जळण आणण्याचे काम मुख्यतः स्त्रियांचे होते आणि पावसाळ्यात कोरडे लाकूड दुर्मीळ असे. सह्याद्रीच्या पट्ट्यात कोळसा पाडण्याचे कष्टाचे काम प्रामुख्याने कातकरी मजुरांनी केले. तो कोळसा मात्र शहरांतील शेगड्यांकडे गेला. वरून-खालून निखारे देऊन करण्याचा पदार्थ नित्याचा न होता प्रसंगाचा राहिला, यामागे जळणाचा हा हिशोब होता.

करंजी आणि पाय : साम्य व भेद

आता दुसऱ्या मताकडे वळू. करंजी आणि पाय यांतील साम्य वरवरचे नाही. पिठात तूप किंवा तेल घालून त्याला खुसखुशीतपणा आणण्याच्या क्रियेला मराठीत मोहन घालणे म्हणतात. पायाच्या पिठात लोणी चोळण्यामागे हेच तत्त्व आहे. स्निग्ध पदार्थ पिठाच्या कणांना वेढतो, ग्लुटेनचे धागे लांब होऊ देत नाही आणि त्यामुळे पदार्थ चिवट न होता ठिसूळ होतो. साट्याच्या करंजीत तर याहून पुढचे तंत्र दिसते. तूप आणि तांदळाचे पीठ पांढरे होईपर्यंत फेसून केलेला साटा पोळ्यांवर लावून त्यांची वळकटी करतात. तिचे तुकडे लाटले की पारीला पदर सुटतात. युरोपातील पदरी पेस्ट्रीचे तत्त्वही हेच होय. मुरड घालण्याच्या कौशल्याबाबत तर करंजी पायाच्या कडेपेक्षा सरसच ठरेल.

तथापि भेदही तितकेच महत्त्वाचे आहेत. करंजीत मोहन कडकडीत तापवून घालतात, तर पायात लोणी थंड ठेवतात. गरम मोहन पिठात सर्वत्र सारखे मुरते. थंड लोण्याचे लहान तुकडे पिठात तसेच राहतात आणि भट्टीत वितळताना तेथे पोकळी सोडतात. पुणे परिसराच्या उष्ण हवेत, शीतकपाटाशिवाय, हे दुसरे तंत्र साधणे कठीण होते.

दुसरा भेद सारणाचा आहे. करंजीत सुके खोबरे, खसखस, रवा, पिठीसाखर असे कोरडे जिन्नस असतात. ताजे फळ तीत कधीही नसते. याचे कारण तळण्याच्या क्रियेत आहे. फळात पाणी असते. उष्णतेने त्याची वाफ होते. पूर्ण बंद केलेल्या करंजीतून तिला वाट मिळाली नाही तर करंजी तेलात फुटते, आणि वाट ठेवली तर तेल आत शिरते. पायाच्या वरच्या पारीला चिरा देतात. त्यांतून वाफ बाहेर पडते आणि भोवती तेल नसून कोरडी हवा असल्याने आत काही शिरत नाही. रसाळ फळ आणि खुसखुशीत पारी यांचे एकत्र येणे कोरड्या, सर्व बाजूंनी वेढणाऱ्या आचेत सहज शक्य होते.

यावरून भोर-वेल्ह्यासह घाटमाथा व कोकण यांच्या पाकपरंपरेची विभागणी स्पष्ट होते. रसाळ फळ तांदळाबरोबर गेले व वाफेवर किंवा निखाऱ्यांवर शिजले. फणसाची सांदणे, काकडीचे धोंडस आणि केळ्याची पानगी ही त्याची उदाहरणे. गव्हाची मोहन घातलेली पारी कोरड्या सारणाबरोबर गेली आणि तळली गेली. पायात या दोन शाखांचा संगम आहे. तो येथे झाला नव्हता, म्हणून करंजी म्हणजेच पाय हे मतही स्वीकारता येत नाही.

आचाराचा अडसर

हा संगम न होण्यास सामाजिक कारणही होते. तळलेला फराळ पाण्यात शिजवलेल्या अन्नाप्रमाणे खरकटा मानला जात नसे. तो टिके, प्रवासात नेता येई आणि नातेवाइकांकडे पाठविता येई. याउलट भट्टीत भाजलेला पाव हा परक्याच्या हातचा, म्हणून उच्चवर्णीय घरांत निषिद्ध होता. मुंबईत १८४९ च्या सुमारास स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्यास ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. जातिबंधन तोडल्याची ती खूण होती. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्यावरून उठलेले ग्रामण्य प्रसिद्धच आहे. न्या. रानडे व लोकमान्य टिळक यांची नावे त्या प्रकरणात गोवली गेली आणि प्रायश्चित्तापर्यंत पाळी आली. चहाबरोबरच्या बिस्किटालाही एवढा अर्थ होता, हे त्यावरून कळते. पुण्याशी निकटचा संबंध असलेल्या ब्राह्मण अधिपतीच्या संस्थानी राजधानीत हे विचार अपरिचित असणे संभवत नाही.

मात्र हा आचार सर्व समाजाचा नव्हता. मावळातील कुणबी, महादेव कोळी, धनगर, महार, कातकरी यांच्या घरांत पाव नव्हता, तो मुख्यतः गहू, भट्टी आणि पैसा नव्हता म्हणून. छापील पाकग्रंथांत या घरांची नोंद अल्प आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चे. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० चे. वाटी-चमच्याच्या प्रमाणांमुळे ‘रुचिरा’ नवविवाहितांची मार्गदर्शिका ठरले. हे ग्रंथ मोलाचे आहेत. तथापि ते साक्षर, बहुधा नागर, मध्यमवर्गीय घरांसाठी लिहिलेले होते. नाचणी-वरीच्या चुलीचा इतिहास त्यांच्या आधारे लिहिता येत नाही.

मैदा, साखर, सफरचंद

पायाचे तीन मुख्य जिन्नस या भागात कसे पोहोचले, हेही पाहिले पाहिजे. नीरा व तिच्या उपनद्या भोरच्या डोंगरांत उगम पावतात. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. भाटघर येथे आधी एक धरण बांधले गेले आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस वेळवंडीवर लॉईड धरण उभे राहिले. या पाण्यावर बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस हा पूर्वेकडील कोरडा पट्टा भिजला. तेथे ऊस वाढला आणि १९३० च्या दशकात साखर कारखाने निघाले. धरणाखाली जमीन गेली ती वेळवंड खोऱ्यातील. भोरच्या पाण्यावर पिकलेली साखर भोरच्या खोऱ्यांत बाजारातून विकत आली. येथे घरातील गोडवा बराच काळ गुळाचाच राहिला.

गहू नित्याच्या वापरात आला तो स्वातंत्र्योत्तर काळात, शिधावाटप व्यवस्थेमार्फत. १९५४ च्या अमेरिकी कायद्यान्वये पी. एल. ४८० चा गहू देशात येऊ लागला. १९६५ मध्ये केंद्र सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी स्थापन केली आणि कापलेला पाव शहरी मध्यमवर्गाच्या न्याहारीत स्थिरावला. तालुक्याच्या गावांत पाव आणि खारी चहाबरोबर आली ती बेकरीतून. घरात भट्टी आली नाही.

सफरचंदाची वाट त्याहून लांबची. हिमाचल प्रदेशातील कोटगढ येथे सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ पासून अमेरिकी ‘डेलिशस’ जातींची लागवड रूढ केली. काश्मीर खोऱ्याला बारमाही रस्त्याने जोडणारा जवाहर बोगदा १९५६ मध्ये खुला झाला. तरीही महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सफरचंद दीर्घकाळ आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचे फळ होते. एवढे महाग फळ चिरून शिजविणे ही उधळपट्टीच वाटली असणार. १९९९ मध्ये सफरचंदाच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले. पुढील काळात साठवण व वाहतूक वाढली आणि आठवडे बाजारातही हे फळ दिसू लागले.

गॅस आल्यानंतर

ओव्हन घरात येण्यापूर्वी एक मधली अवस्था होती. पुण्यात आणि बेकरी असलेल्या गावांत दिवाळीपूर्वी स्त्रिया पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीत जात व नानकटाई भाजून आणीत. घरचे साहित्य आणि बाहेरची भट्टी ही युरोपातील जुनीच व्यवस्था येथे नव्याने अवतरली. जिन्नस आपले, नजरेसमोर भाजलेले, म्हणून आचाराची अडचणही त्यात सौम्य झाली.

याच सुमारास चुलीची जागा स्टोव्हने व पुढे गॅसने घेतली. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने ग्रामीण भागात गॅसजोडण्यांचा वेग वाढविला. धुरापासून आणि जळणाच्या मोळीपासून स्त्रियांची काही अंशी सुटका झाली, हा लाभ निर्विवाद आहे. परंतु गॅसच्या ज्योतीला निखारे नसतात. झाकणावर ठेवण्यास काही उरले नाही आणि वरून-खालून आच देण्याची जुनी सोय स्वयंपाकघरातून गेली. नेमक्या त्याच काळात केक, बिस्किटे, पाय यांच्या कृती मासिके, दूरचित्रवाणी आणि पुढे भ्रमणध्वनी यांतून घरोघरी पोहोचत होत्या. मग जाड पातेल्यात वाळू तापवून, किंवा कुकरची शिट्टी व रबरी कडे काढून, त्यात केकचे भांडे ठेवण्याची युक्ती रूढ झाली. या युक्तीत खालची आच मिळते, पण वरची अपुरी पडते. केक त्यात जमतो, पायाची वरची पारी मात्र फिकी राहते. हातगाडीएवढ्या जागेतही मावणारा छोटा विजेचा ओव्हन परवडू लागल्यावरच ही उणीव भरून निघाली.

पायाला अंडे लागत नाही, ही बाबही नोंदविण्याजोगी आहे. अंड्यामुळे ज्या घरांत केकला विरोध झाला, तेथे पायाला तो होण्याचे कारण नव्हते. आज एखादी गृहिणी पायाची पारी लाटते, कडेला करंजीसारखी मुरड घालते आणि दालचिनीसोबत वेलची वापरते, तेव्हा ती केवळ अनुकरण करीत नसते. करंजीची पारी आणि धोंडसाची आच, या वेगळ्या राहिलेल्या दोन गोष्टी ती एका भांड्यात आणीत असते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. भोर-वेल्हे परिसर व त्याच्याशी जोडलेला कोकण यांत बंद भांड्यात दुहेरी आचेने भाजण्याची पद्धत ओव्हनपूर्वीच अस्तित्वात होती. मोहन, साटा आणि मुरड यांच्या रूपाने पेस्ट्रीची मूलतत्त्वेही ज्ञात होती. पाय येथे निर्माण झाला नाही, याची कारणे अज्ञानात नसून भातप्रधान शेती, गव्हाची टंचाई, जळणाचा खर्च, तळलेल्या पदार्थाला असलेली आचारमान्यता आणि सफरचंदाची दुर्मीळता यांत आहेत. त्याचबरोबर रसाळ फळ आणि खुसखुशीत पारी यांचा मेळ ही पायाची खरी देणगी मान्य केली पाहिजे.

या इतिहासाची साधने मात्र झपाट्याने नष्ट होत आहेत. पाकग्रंथ ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. पण झाकणावर निखारे किती ठेवायचे हे ज्यांच्या हाताला ठाऊक आहे, त्या पिढीतील स्त्रिया आता वृद्ध झाल्या आहेत आणि त्यांपैकी अनेकींच्या घरी चूल उरलेली नाही. जाड बुडाची पातेली, खोलगट झाकणे, निखारे उचलण्याचे चिमटे ही भांडी मोडीत जात आहेत. त्यांची मापे, वापर आणि त्यांविषयीचे शब्द यांची नोंद घेणे हे परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, गृहविज्ञान आणि मराठी विभागांनी एकत्रितपणे हाती घेण्यासारखे काम आहे. त्या नोंदीवाचून मावळातील स्वयंपाकघराचा इतिहास ज्यांनी पुस्तके लिहिली त्यांच्याच घरांचा राहील. ज्यांनी जळण वाहिले आणि आच सांभाळली, त्यांचा तो होणार नाही.